सिस्टरबाईंचे संसदेतले एक्केचाळीस दिवस

सिस्टर आणि बडे डॉक्टर यांचं काहीतरी आहे, ही बातमी पहिल्यांदा निघाली ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात. तिथून ती जिना चढून वॉर्डात गेली, वॉर्डातून समोरच्या चहाच्या दुकानात उतरली, आणि सिस्टर खासदार झाल्या त्या आठवड्यात तर शहरात ज्याला दोन कान होते त्याच्या एका तरी कानात ती पोचलेली होती.

पुरावा काय म्हणाल, तर बघा ना. ऑपरेशन थिएटरात सव्वीस वर्षं उभी राहिलेली बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बडे डॉक्टरांच्या टेबलाशी तर हिचाच हात चालायचा. त्यांनी मान वर न करता नुसती बोटं उघडायची, की हवं ते अवजार तळहातावर चापकन बसायचं. आणि एका दुपारनंतर एकाएकी हिने त्यांच्याबरोबर काम करणं सोडलं. ड्युट्या बदलून घेतल्या. ते व्हरांड्यातून येताना दिसले की ही स्टोअररूममध्ये शिरायची आणि पट्ट्यांच्या खोक्यांत उगाच काहीतरी हुडकत बसायची. "बाई एखाद्या पुरुषाला इतकं टाळते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय," असं धुलाईखान्यातली मुकादमीण म्हणाली, आणि सिस्टरच्या सख्ख्या नणंदेने मान डोलावली. घरच्या माणसाने मान डोलावली म्हटल्यावर बाहेरच्यांनी शंका तरी किती घ्यायची.

पुढे बडे डॉक्टर सुरी खाली ठेवून राजकारणात गेले, पक्षात मोठे झाले, आणि निवडणुकीच्या यादीत त्यांनी आपल्या हाताने सिस्टरचं नाव घातलं. मग काय, धुलाईखान्याला आणखी सिद्ध करायचं काही उरलंच नाही.

नाव घातलं होतं ते सत्ताविसाव्या जागी. मतं पक्षाला पडायची, आणि जितक्या जागा मिळतील तितकी माणसं यादीच्या वरच्या टोकापासून आत जायची. पक्षाला जागा मिळाल्या चोवीस. सिस्टरनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्या मोजे धुवायला लागल्या. यादी लांब दिसावी म्हणून खालच्या टोकाला जी नावं चिकटवतात, त्यांतलं आपलं एक, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. पण चार-साडेचार वर्षांत एक खासदार वारले, एक राजदूत होऊन परदेशी गेले, आणि एकाचं पक्षाशी बिनसून त्याने राजीनामा तोंडावर फेकला. तीन खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि क्रम सरकत सरकत सत्ताविसावर आला.

फोन आला तेव्हा दुपारची जेवणं होऊन सिस्टर चमचे विसळत होत्या. नवरा पाणीखात्यात मीटर तपासायचा. तो स्वयंपाकघरात आला तो जणू पायाखाली जमीनच नाही अशा थाटात.

"अगं, बडे डॉक्टर. स्वतः. फोनवर."

सिस्टरच्या हातातला सहावा चमचा मोरीत पडला.

"सिस्टर," पलीकडून आवाज आला. गुळगुळीत, कसलीच घाई नसलेला. "अभिनंदन. संसद बरखास्त व्हायला एक्केचाळीस दिवस आहेत. तेवढ्यासाठी खुर्ची रिकामी ठेवणं बरं दिसत नाही. तुम्ही यायचं, बसायचं, सांगितलं की हात वर करायचा."

"डॉक्टर, मला त्यातलं काही कळत नाही."

"म्हणूनच तर," ते म्हणाले. "तुम्ही समजूतदार आहात, हे मी विसरलेलो नाही."

फोन ठेवला तेव्हा सिस्टरची बोटं बर्फासारखी गार पडली होती. नवऱ्याला वाटलं, आनंदाने. तो चपला घालून तसाच गल्लीत सांगायला धावला.

आता सिस्टर एवढ्या कशाला घाबरल्या, ते सांगितलं पाहिजे.

पोटाचं ऑपरेशन म्हटलं की रक्त टिपायला कापडाचे जाड चौकोनी तुकडे लागतात. थिएटरातली माणसं त्यांना मॉप म्हणतात. ते रक्ताने भिजले की आतल्या मांसासारखेच दिसतात, आणि म्हणून ते मोजायचे असतात. सुरी लावण्याआधी मोजायचे आणि पोट शिवण्याआधी मोजायचे. मोजणाऱ्या सिस्टरने आकडा मोठ्याने सांगायचा, डॉक्टरांनी विचारलं की मोठ्याने उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर कानावर पडल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. मग वहीत 'मोजणी बरोबर' लिहून खाली सही करायची, तीही सिस्टरनेच. सव्वीस वर्षांत ही सवय सिस्टरच्या हाडांत मुरली होती. जिन्याच्या पायऱ्या, सदऱ्याची बटणं, दाराशी काढलेल्या चपला, दिसेल ते त्या मोजत.

आठ वर्षांपूर्वी एका दुपारी बडे डॉक्टरांच्या टेबलावर एका शिंपीणबाईचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन चाललं होतं. डॉक्टरांना तीन वाजता कुठेतरी प्रमुख पाहुणे म्हणून जायचं होतं आणि गाडी खाली येऊन उभी होती. मॉप पंधरा उघडले होते. परत आले चौदा.

"डॉक्टर, एक कमी आहे," सिस्टर म्हणाल्या.

"पुन्हा मोजा. मिळेल."

त्यांनी पुन्हा मोजले. बादलीत पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. चौदा. पुढे काय झालं, ते सिस्टर मनातल्या मनातसुद्धा पुरतं म्हणत नसत. पोट शिवलं गेलं. वहीत 'मोजणी बरोबर' असं लिहिलं गेलं आणि खाली सही झाली, ती सिस्टरचीच. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या कचऱ्याच्या पिंपाशी गुडघ्यांवर बसल्या आणि एकेक चिंधी उलगडून पाहिली. पंधरावा मॉप मिळाला नाही. तेव्हाच्या मॉपात एक्स-रेला दिसणारा धागासुद्धा नसे.

शिंपीणबाई बऱ्या झाल्या आणि घरी गेल्या. वर्षभराने पोटदुखीची तक्रार घेऊन त्या परत आल्या. कुणी पित्त म्हणालं, कुणी मनाचे खेळ म्हणालं. सिस्टरनी काय करावं? तर आपल्या घराच्या वरची खोली रिकामी होती, ती खटपट करून त्यांना मिळवून दिली. बाई डोळ्यांसमोर असावी, एवढाच हेतू. लोक म्हणाले, किती चांगुलपणा.

तेव्हापासून सिस्टरच्या डोक्यावर दिवसभर शिलाई मशीन चालायचं. ते चालू असलं की सिस्टरना श्वास यायचा. मधेच थांबलं की हातातलं काम तसंच राहायचं आणि नजर छताला लागायची. दोरा संपला असेल. बॉबिन बदलत असेल. ग्राहक आलं असेल. मग पुन्हा खडखड सुरू व्हायची आणि सिस्टर खालचा ओठ दातांतून सोडायच्या. नवरा म्हणायचा, "हिला मशीनच्या आवाजाचा त्रास होतो, पण बोलून दाखवत नाही. स्वभावच तसा."

खासदारकीसाठी जाकीट शिवायचं ठरलं, ते अर्थातच वरच्या खोलीत.

"सरळ उभ्या रहा, वहिनी," तोंडात टाचण्या धरून शिंपीणबाई म्हणाल्या. "खासदार झालात तुम्ही, आणि पाठ वाकते कुणासाठी? खिसा डावीकडे ठेवू की उजवीकडे?"

"खिसा नको."

"खिसा नाही तर मग खासदार होऊन करणार काय?"

सिस्टर हसल्या, म्हणजे हसल्यासारखं केलं. शिंपीणबाई खालची घडी टाचायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. एका हाताने त्यांनी पोटावर बांधलेली गरम पाण्याची पिशवी दाबून धरली होती.

"काय होतंय, ताई?" सिस्टरनी विचारलं. उत्तर ऐकायची मात्र मुळीच इच्छा नव्हती.

"काही नाही हो. आतली भाडेकरीण आहे ना माझी, ती उठली. घरही सोडत नाही आणि गप्पही बसत नाही." त्या हळूहळू सरळ झाल्या. कपाळावर घामाचे थेंब आले होते. "तुमची ती गोळी द्या बाई जाताना. तुमच्याच गोळ्यांवर जगतेय मी. आणि तिथे मोठमोठे लोक भेटतील, त्यांना विचारा, हिला बाहेर काढायचा काही कायदा आहे का."

जिना उतरताना सिस्टरनी अठरा पायऱ्या मोजल्या. रोज अठराच भरायच्या, पण त्या दिवशी दोनदा मोजल्या.

संसदेत सिस्टरनी काय काय केलं, त्याच्या गोष्टी तिथले शिपाई अजून रंगवून सांगतात. शपथ घ्यायच्या आधी त्यांनी महिला सदस्यांच्या स्वच्छतागृहात कोपरापर्यंत हात धुतले, घड्याळ लावून पाच मिनिटं. मागे चार खासदारणी आणि एक राज्यमंत्री ताटकळत उभ्या. सभागृहात आल्या त्या दोन्ही हात छातीशी धरून, कशाला धक्का लागू न देता. थिएटरात धुतलेले हात असेच धरतात. लोकांना वाटलं बाई फार नम्र, सगळ्यांना नमस्कार करत चालल्या आहेत. अर्थमंत्र्यांनी बोलता बोलता मागे हात करून पेन मागितलं, तर सिस्टरनी ते त्यांच्या तळव्यावर असं चापकन ठेवलं की मंत्र्यांचं पुढचं वाक्यच हरवलं.

पण ह्या गमती बघणाऱ्यांच्या. सिस्टरचं लक्ष मात्र पहिल्या दिवसापासून एकाच जागी होतं. पुढच्या बाकावर बडे डॉक्टरांची मान दिसायची. त्या मानेचा, तिच्यावर नीट कापलेल्या पांढऱ्या केसांचा, त्यांना धाक वाटायचा. मान वळेल की काय, ह्या भीतीने त्या खोकत नसत.

जागा मिळाली होती शेवटच्या रांगेत. शेजारी विरोधी पक्षाचे एक म्हातारे सदस्य बसायचे. तीस वर्षं ते एकाच खुर्चीवर होते आणि त्यांतली निम्मी झोपेत गेली होती. सगळे त्यांना आजोबा म्हणत. सिस्टरशी माणसासारखं बोलणारे तिथे ते एकटेच.

"घाबरू नका हो," ते पहिल्याच दिवशी कुजबुजले. "इथे कुणाला काही येत नाही. मी तर बसतसुद्धा नाही. हे बघा." त्यांनी अंगातला कोट काढून खुर्चीच्या उंच पाठीला चढवला आणि वर आपली हॅट टेकवली. "मोजणारे कारकून मागच्या वाटेने चालत मोजतात. त्यांना पाठमोरं डोकं दिसलं की झालं. कोट हजर, म्हणजे मी हजर. आणि मी कँटीनमध्ये."

"कुणाला कळत नाही?"

"सगळ्यांना कळतं. म्हणून तर कुणी बोलत नाही."

सिस्टरच्या अंगावर काटा आला. का आला, ते आजोबांना कळण्यासारखं नव्हतं.

तिसाव्या दिवशी एका कायद्याचा मसुदा सगळ्यांच्या टेबलांवर आला. इस्पितळांचं कामकाज सुधारण्याचा कायदा, जाडजूड, चाळीस पानी. कुणी उघडला नाही. सिस्टरनी तो दोनदा वाचला, कारण औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचायची सवय. चौदावं कलम होतं असं, की सात वर्षांपलीकडच्या ऑपरेशनच्या वह्या नष्ट कराव्यात आणि त्या काळातल्या कुठल्याही तक्रारीची दखल कुणी घेऊ नये.

वाचून पहिल्यांदा काय वाटलं असेल? सुटका. ती वही जळून जाणार, सही जळून जाणार, कुणी काही विचारणार नाही, कधीच नाही. दुसऱ्या क्षणी त्यांना स्वतःची इतकी किळस आली की त्या उठून पुन्हा हात धुऊन आल्या.

दुपारी बडे डॉक्टरांनी आपल्या खोलीत बोलावलं. खिडकीचे पडदे ओढलेले, टेबलावर पाण्याचा एकच पेला. दार पुरतं लागलं नव्हतं.

"वाचलंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सात वर्षं म्हटलंय त्यात. आपलं आठवं चालू आहे."

बाहेर फाईल घेऊन उभ्या असलेल्या शिपायाच्या कानावर नेमकं हेच पडलं. 'आपलं आठवं.' तो थेट चहाच्या खोलीत गेला, आणि संध्याकाळपर्यंत त्या बातमीला तारीख-वारसुद्धा चिकटला. आतलं पुढचं वाक्य त्याने ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

"शेवटच्या दिवशी मत आहे," डॉक्टर म्हणाले. "हात वर करायला विसरू नका. वहीत माझी सही नाही, सिस्टर. तुमची आहे."

सिस्टर बाहेर आल्या त्या भिंतीला धरून. चेहरा पांढराफटक. चहाच्या खोलीच्या दारातून शिपायाने पाहिलं आणि तोही हिशेबात धरला.

पुढचे दहा दिवस त्यांनी कसे काढले, ते त्यांचं त्यांना माहीत. डोळ्यांसमोर कधी पोलीस यायचे, कधी गेलेली नोकरी आणि पेन्शन, कधी नणंदेचा चेहरा. पण सगळ्यांत जास्त भीती होती ती वरच्या जिन्याची. कधीतरी शिंपीणबाई त्या अठरा पायऱ्या उतरून येतील, आणि एकच प्रश्न विचारतील. कायदा झाला तर तो प्रश्न विचारून कुणाला उपयोग होणार नव्हता. सिस्टरनी ठरवून टाकलं. हात वर करायचा, आणि घरी यायचं, आणि कानांवर उशी घेऊन झोपायचं.

शेवटचा दिवस उजाडला. निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळे निम्मे सदस्य आपापल्या मतदारांच्या दारात उभे. सभागृह दोनशेंचं. कायदा करायचा तर मताच्या वेळी किमान एकशे एक माणसं आत हवीत, असा नियम. सरकारच्या माणसांनी गाड्या पाठवून लोक गोळा केले होते. घंटा वाजली, दारं लागली. आता निकाल लागेपर्यंत आतला बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही.

आजोबा सकाळीच दात दाखवायला गेले होते. कोट आणि हॅट तेवढी खुर्चीवर हजर होती.

दोन कारकून मागच्या वाटेने बोट नाचवत गेले. एक सिस्टरच्या पाठीमागून गेला. त्यांना त्याच्या बुटांची करकर ऐकू आली, आणि तो कोटाजवळ जराही अडखळला नाही, हेही कळलं. सिस्टर काही वेगळं करायला बसल्याच नव्हत्या. पण डोळे आपले आपण मोजत होते. पुढची रांग, दुसरी रांग, डावी बाजू, उजवी बाजू. शंभर. त्यांनी पुन्हा मोजलं, स्वतःला धरून. शंभर.

"उपस्थिती एकशे एक," चिटणिसांनी जाहीर केलं.

सभापतींनी चष्म्यावरून सभागृहाकडे पाहिलं आणि दर वेळी विचारतात तसं विचारलं, "मोजणी मान्य?"

हा प्रश्न तिथे केवळ रीत म्हणून विचारत. त्याला उत्तर द्यायचं असतं, हे त्या इमारतीत शंभर वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. पण जिने सव्वीस वर्षं मोजणीनंतरच्या प्रश्नाला मोठ्याने उत्तर दिलं, तिच्या जिभेला हे कोण सांगणार?

"थांबा डॉक्टर," सिस्टरच्या तोंडून निघालं. "शिवू नका. एक कमी आहे."

सभापती पेशाने वकील होते. ह्या बाईंनी आपल्याला डॉक्टर का म्हटलं, हे न कळून त्यांनी डावीउजवीकडे पाहिलं. दोघेतिघे हसले. आणि पुढच्या बाकावरची ती मान अगदी ताठ झाली.

सिस्टर उभ्या होत्या. कधी उठल्या, त्यांना आठवत नव्हतं. धुतल्यावर धरतात तसे दोन्ही हात आपोआप छातीशी आले होते.

"त्या नव्या आहेत," बडे डॉक्टर जागेवरून म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण शांतपणे. "पुन्हा मोजा. मिळेल."

कारकून पुन्हा निघाले. ह्या वेळी सगळं सभागृह त्यांच्या बोटाबरोबर मान फिरवत होतं. शेवटच्या रांगेत बोट हॅटवर येऊन थांबलं आणि तिथेच राहिलं.

"हे सदस्य..." सभापती पुटपुटले. "हे सन्माननीय सदस्य सभागृहात आहेत का?"

कोण बोलणार. सगळ्यांना माहीत होतं. सिस्टरनाही माहीत होतं की एका शब्दाने हे उरकेल. आजोबा आतल्याच बाजूच्या खोलीत आहेत, तीही सभागृहातच धरतात, एवढं म्हटलं की पुरे. कायदा पास, वही राख, आणि त्या मोकळ्या.

तेव्हा बडे डॉक्टरांनी विचारलं. मान वळवली नाही. टेबलावर वाकलेला माणूस विचारतो, तसं.

"सिस्टर, आहे ना?"

तोच प्रश्न. तोच आवाज. आठ वर्षांपूर्वी त्या दुपारी हाच प्रश्न ह्याच आवाजात त्यांनी विचारला होता.

सिस्टरनी छातीशी धरलेले दोन्ही हात खाली सोडले.

"नाही," त्या म्हणाल्या. "नुसता कोट आहे."

कायदा पडला. पडला म्हणजे कुणी पाडला नाही, मताची वेळ टळली आणि दिवस मावळायच्या आत संसदच संपली. बाहेर पडताना पक्षाच्या माणसांनी सिस्टरना जिन्यात गाठलं. कुणाच्या सांगण्यावरून केलंत, कितीत ठरलं, तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं बरंच काही. सिस्टरना त्यातलं निम्मं ऐकूच आलं नाही. फाटकाशी आजोबा एक गाल सुजलेला घेऊन टॅक्सीतून उतरत होते; बातमी त्यांनी टॅक्सीतल्या रेडिओवर ऐकली होती.

"बाई," ते गाल धरून म्हणाले, "तीस वर्षांत माझा कोट पहिल्यांदाच कायद्याच्या कामी आला."

घरी नवरा दाराशी उभा होता. त्याच्यापर्यंत बातमी पोचली होती. "अगं, काय करून बसलीस?" तो म्हणाला. सिस्टर थांबल्या नाहीत. वर मशीन चालू होतं. अठरा पायऱ्या. त्यांतल्या बाराव्यावर त्या खाली बसल्या. संसदेत दोनशे खुर्च्यांसमोर वाटली नव्हती एवढी भीती त्या उरलेल्या सहा पायऱ्यांची वाटली.

शिंपीणबाई एका बाहीला शिलाई घालत होत्या. सिस्टर दारातच उभ्या राहिल्या आणि जे होतं ते सांगितलं. पंधरा उघडले, चौदा आले, वहीत सही माझी. लांबण लावली नाही. शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं नाही. शिलाई कडेपर्यंत नेली, दोरा दाताने तोडला, मग मान वर केली.

"आठ वर्षं?"

"हो."

"आणि ही खोली?"

"तुम्ही डोळ्यांसमोर असाव्यात म्हणून."

"त्या गोळ्या तरी खऱ्या होत्या?"

"गोळ्या खऱ्या होत्या."

"तेवढं तरी," शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांनी ती बाही उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "जा खाली. मला तुझं तोंड बघवत नाही." सिस्टर वळल्या. "थांब. उद्या सकाळी माझ्याबरोबर दुसऱ्या इस्पितळात चल. काय शोधायचं ते तू सांग त्यांना. माझं कुणी ऐकत नाही. मला पित्त आहे म्हणे."

'वहिनी' गेलं, 'तुम्ही' गेलं. ते 'तू' सिस्टरना चाबकासारखं लागलं, आणि लागलं ते बरंच झालं.

दुसऱ्या इस्पितळात पोट उघडलं, तेव्हा सिस्टर बाहेरच्या बाकावर होत्या. आत जायची परवानगी नव्हती. दाराच्या गोल काचेतून आतल्या एका तरुण सिस्टरचे ओठ हलताना दिसत होते. ती मोजत होती. बाहेर बसून ह्याही मोजत होत्या.

पंधरावा मॉप त्या दिवशी मिळाला.

शिंपीणबाई वाचल्या. सव्वा महिन्याने त्या वरच्या खोलीत परत आल्या आणि मशीनवर बसल्या. मशीन आता मधे थांबत नाही. सिस्टरशी त्या बोलत नाहीत. जिन्यात समोरासमोर आल्या तर भिंतीकडे सरकून वाट देतात, एवढंच. कायदा झाला नव्हता, म्हणून वही कपाटात सापडली. सिस्टरनी स्वतः जाऊन जबाब दिला. परिचारिकांच्या नोंदवहीतून त्यांचं नाव काढलं गेलं आणि सव्वीस वर्षं तिथेच संपली. बडे डॉक्टरांची चौकशी अजून चालू आहे, आणि चौकशी म्हटलं की ती चालूच असते. वर्तमानपत्रवाल्यांनी त्यांना विचारलं, तर ते हलकेच हसले. दुखावलेली बाई काय वाटेल ते बोलते, त्यामागे जुनी कारणं असतात, ती उकरून काढण्यात सभ्यता नाही, असं म्हणाले. झालं. धुलाईखान्यातली बातमी पुन्हा ताजी झाली, आणि ह्या वेळी तिच्यावर खुद्द डॉक्टरांचंच शिक्कामोर्तब होतं. नणंद तर म्हणालीच, मी पहिल्यापासून सांगत होते.

बडे डॉक्टर आणि सिस्टर यांचं कधीच काही नव्हतं. आठ वर्षांपूर्वी त्या दुपारी एक मॉप कमी होता. ते "सिस्टर, आहे ना?" म्हणाले, आणि सिस्टर "आहे" म्हणाल्या.